फॉरमॅट मारण्याआधी

संगणक बिघडला की आपल्याकडे औषध एकच सांगतात : फॉरमॅट मारा. सांगणारा अजून नीट खुर्चीवर टेकलेला नसतो, यंत्राला नेमकं काय होतंय हे त्याने विचारलेलंही नसतं, पण उपचार ठरून गेलेला असतो. फॉरमॅट मारल्यावर संगणक चालतो, यात वाद नाही. फक्त जो चालू लागतो तो आपला नसतो. आपले हिशोब, अर्धवट राहिलेली पत्रं, बोटांच्या सवयीची झालेली कळांची मांडणी, प्रिंटरशी महत्प्रयासाने जुळलेलं सूत, सगळं गेलेलं असतं आणि पडद्यावर कुठल्यातरी परदेशी डोंगराचं चित्र आलेलं असतं. ज्याला उद्या सकाळी शाळेची निकालपत्रकं छापायची आहेत त्याने खुशाल मारावा फॉरमॅट, माझी हरकत नाही. पण ज्याला कसलीच घाई नाही तोही मारतो, याचं मला राहून राहून नवल वाटतं. आणि ज्यांना कसलीच घाई नाही अशा माणसांचा सिंधुदुर्गात तुटवडा नाही.

फोंडाघाट हे नावाप्रमाणेच घाटाच्या पायथ्याचं गाव. देवगडकडून निपाणीला निघालेला रस्ता इथे सह्याद्रीला भिडतो आणि वळणं घेत वर दाजीपूरला निघतो. पुढे राधानगरी, कोल्हापूर. समुद्रावरून आलेले ढगही याच वाटेला लागतात, पण त्यांना हा चढ एका दमात जमत नाही, आणि मग जे काही सोबत आणलेलं असतं ते इथेच उतरवून मोकळे होतात. आषाढात फोंड्यात वीज गेल्याची बातमी कुणी कुणाला सांगत नाही. आल्याची सांगतात.

अशा ठिकाणी आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, लिनक्सवर चालणारा संगणक बाळगला आहे. बाळगला म्हणजे पुण्याच्या भाच्याने तो त्यांच्या गळ्यात घातला. यंत्र जुनं, नवं विंडोज त्याला झेपेना. भाच्याने त्यात डेबियन नावाचं लिनक्स घातलं आणि ते पुन्हा तरतरीत झालं. या मुलखाला हे अगदीच नवं नाही. शेजारच्या गोव्यात 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट'ने परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून शाळांना दिले होते. दुसऱ्या टोकाला पाहिलं, तर नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या सर्वांत वेगवान 500 संगणकांच्या यादीत लिनक्सखेरीज दुसरं काही नाही. म्हणजे अण्णांच्या ओटीवरचं खोकं आणि जगातला पहिल्या नंबरचा महासंगणक एकाच गोत्रातले. हे मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मगे तेंका लाइट खयसून येता?"

डेबियन हे 1993 मध्ये इयान मर्डॉक नावाच्या तरुणाने सुरू केलेलं काम. प्रेयसी डेब्रा आणि आपण स्वतः अशी दोन नावं जोडून त्याने ते नाव पाडलं. तिथल्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटमालिकेतल्या पात्रांची नावं देतात. बस्टर हा त्यातला कुत्रा, बुल्सआय हा घोडा. जी आवृत्ती कायम कच्चीच असते, तिचं नाव सिड. सिड म्हणजे शेजारचा तो खेळणी मोडणारा मुलगा. आपल्या मालाच्या दर्जाबद्दल इतकं खरं बोलणारे लोक मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

तर अण्णांचं यंत्र बस्टरवरून बुल्सआयवर न्यायचं असं भाच्याने फोनवरून ठरवलं. अण्णांची तक्रार काहीच नव्हती. निवृत्त मास्तर, रोज सकाळी देवस्थानच्या बैठकीचं इतिवृत्त नाहीतर जमिनीच्या दाव्याचा अर्ज टंकायचा, एवढंच त्यांचं काम, आणि ते चालू होतं. पण जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद होतं, हे भाच्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. काकी म्हणाली, "आधी देवाक गाऱ्हाणा घाल, मगे काय ता कर." भाचा हसला. भर पावसाळ्यात काही मोठं हाती घेताना इथे कुणी हसत नाही, हे तो पुण्याला राहून विसरला असावा.

सगळी पॅकेजं उतरली. ती आणण्याचं काम ॲप्टचं, आणलेली उघडून जागच्या जागी बसवण्याचं डीपीकेजीचं. डीपीकेजी ते दोन पायऱ्यांत करतं : आधी सामान उघडतं, मग मांडतं. पडद्यावर ओळी सरसर वर चालल्या होत्या, अण्णा चष्मा लावून त्या वाचायचा प्रयत्न करत होते, आणि कुठेतरी एक फांदी तारेवर पडली.

वीज आल्यावर यंत्र सुरू केलं. काळ्या पडद्यावर काही ओळी आल्या आणि शेवटच्या दोन तिथेच थिजल्या. वरची सांगत होती, की 'लिबक्रिप्ट.एसओ.1' नावाची फाइल सापडत नाही. खालची म्हणत होती : कर्नल पॅनिक, अटेम्प्टेड टु किल इनिट. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घाबरला आहे, कारण कुणीतरी इनिटच्या जिवावर उठलं होतं.

अण्णांनी दुसरी ओळ दोनदा वाचली. "कोणी मारूचो प्रयत्न केल्यान?"

इनिट म्हणजे यंत्र उठल्यावर सुरू होणारा पहिला कार्यक्रम, अनुक्रमांक एक. बाकी सगळे त्याच्यानंतर, त्याच्या हाताखाली. तो गेला की कर्नल पुढचं काही ऐकून घेत नाही, जिथे आहे तिथे बसकण मारतो. इथे इनिटला कुणी मारलेलं नव्हतं. उठायला ज्या फाइलीचा आधार लागतो ती न दिसल्यामुळे तो आपणच कोसळला होता, आणि कर्नलने पंचनाम्यात थेट खुनाचा प्रयत्न लिहिला होता. शेजारचा एक जाणकार एव्हाना येऊन उभा राहिला होता. "फॉरमॅट मारूक व्हयो," तो म्हणाला. "दुसरो इलाज नाय."

लिनक्स बिघडतो तेव्हा बोलतो. जरा जास्तच बोलतो, आणि धसमुसळ्या भाषेत बोलतो, पण खोटं बोलत नाही. नवं काही करण्याआधी त्याने काय सांगितलं ते वाचणं, ही अर्धी दुरुस्ती असते, आणि नेमकी हीच अर्धी लोक गाळतात. 2021 च्या नोव्हेंबरात लायनस सबॅस्टियन नावाच्या कॅनडातल्या प्रसिद्ध यूट्यूबरने लिनक्सवर खेळांचं एक सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. (लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्स, हा नुसताच नामबंधू.) यंत्राने बजावलं, की पॅकेजांत गोंधळ आहे, हे टाकलंस तर तुझा अख्खा डेस्कटॉप काढावा लागेल. आणि खरंच करायचं असेल तर 'होय, मी सांगतो तसं कर!' हे वाक्य उद्गारचिन्हासकट टंकून दे, अशी अट घातली. त्याने टंकून दिलं. डेस्कटॉप गेला. पुढे ॲप्टवाल्यांनी ही सोयच आवळून टाकली. आपल्याकडे 'होय म्हाराजा' म्हणणारे निदान गाऱ्हाणं ऐकून घेऊन तरी म्हणतात.

आता लिबक्रिप्ट. हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या माणसाला समजावून सांगायला एक मिनिटही लागत नाही, कारण ते हुबेहूब सामाईक सातबाऱ्यासारखं आहे. लिबसी हे डेबियनचं एक जुनं, अवाढव्य एकत्र कुटुंब. जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाचं काही ना काही त्याच्याकडे अडकलेलं. पासवर्ड गुप्त रूपात उतरवणारं लिबक्रिप्ट आधी याच घरात नांदत होतं. नव्या आवृत्तीत त्याची वाटणी होऊन त्याचं स्वतंत्र पॅकेज झालं. फेरफार असा व्हायचा होता, की जुन्या उताऱ्यावरच्या नावाला कंस पडणार आणि नव्या उताऱ्यावर तेच नाव चढणार. डीपीकेजीने कंस केला. नवी नोंद व्हायच्या आत लाइट गेली. आता लिबक्रिप्ट ना जुन्या उताऱ्यावर ना नव्या, आणि त्याच्या सहीवाचून ज्यांचं पान हलत नाही असे बाकीचे सगळे हिस्सेदार खोळंबलेले. हे ऐकताना अण्णांच्या चेहऱ्यावर जी समजूत उमटली ती कुठल्याही संगणकाच्या वर्गात उमटली नसती. त्यांच्या स्वतःच्या दाव्यात एक चुलतभाऊ मुंबईला आहे. तो सही करत नाही. नाही असंही म्हणत नाही.

वीज जायलाच हवी असंही नाही. 2021 मध्ये डेबियनच्या दोषनोंदींत याच फाइलीची तक्रार दाखल झाली : जुन्या यंत्रावरून पुढच्या आवृत्तीवर जाताना लिबसी आधी उघडलं गेलं, लिबक्रिप्ट मागे राहिलं आणि मधल्या फटीत सगळं अडकलं. पर्ल ही भाषा चालेना, कारण तिला लिबक्रिप्ट लागतं. पर्ल नाही म्हणून पॅकेजांची मांडामांड होईना. ज्यांचं यंत्र अजून चालू होतं त्यांची गंमत तर आणखी निराळी. दुरुस्तीसाठी सुडो करून अधिकार घ्यावेत, तर पासवर्ड बरोबर असूनही आत घेईनात, कारण तो पडताळून पाहणाराच हरवलेला.

एक फाइल नसल्याने घर बंद पडतं, तसं एक फाइल आल्यानेही पडतं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळी पडली. हैदराबादच्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय तसा साधा होता, ती फाइल काढून टाकायची. पण पुष्कळशा यंत्रांपाशी त्यासाठी माणसाला स्वतः जाऊन बसावं लागलं. मला त्या दिवशी त्या बोर्डिंग पासवर लिहिणाऱ्यांचं अक्षर बघून बरं वाटलं होतं. अजून लिहिता येतंय लोकांना.

तर आमची दुरुस्ती. यंत्र उठताना ग्रब नावाची पाटी येते, तीत जुना कर्नल निवडता येतो. नव्या कर्नलने घात केला असेल तर जुना उपयोगी पडतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. इथे कर्नलचा दोष नव्हता. जुन्यानेही तोच पंचनामा वाचून दाखवला. मग पेन ड्राइव्ह. भाच्याने एक लाइव्ह पेन ड्राइव्ह करून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला होता. त्यावर पूर्ण लिनक्स असतं, ते डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच उठतं आणि बंद घराच्या खिडकीतून आत डोकावू देतं. त्या यंत्रावर 'ॲप्ट मू' असं टंकलं तर अक्षरांनी रेखाटलेली एक गाय येते आणि आज तुम्ही हंबरलात का, असं विचारते. कार्यक्रम लिहिणाऱ्यांचा जुना विनोद. मी काकीला मुद्दाम बोलावून दाखवली. गोठ्यात खरी गाय असलेल्या काकीने ती नीट न्याहाळली. "ही गाय दूध देता काय?"

फोनला रेंज फक्त खळ्याच्या टोकाला, फणसाखाली. मी ओटीवर संगणकापाशी, काकी छत्री घेऊन फणसाखाली, भाचा पुण्यात. तो सांगणार, काकी ओरडून पोहोचवणार, मी टंकणार. पावसाच्या आवाजात 'माउंट', 'स्लॅश', 'डॅश डॅश' असं काकीच्या खणखणीत आवाजात येऊ लागलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी थांबून ऐकलं. एकाने आत येऊन, कुणाला झालंय काय, असंही विचारलं. मला धास्ती एकाच आज्ञेची होती, ती म्हणजे 'आरएम'. ती फाइली पुसून टाकते आणि पुसल्यावर विचारपूस करत नाही. भाच्याने ती सांगितली नाही, सांगितली असती तर मी स्वतः फणसाखाली जाऊन खात्री केली असती.

डिस्क जोडली. अण्णांचे अर्ज जागच्या जागी होते. ते त्यांनी एकेक उघडून पाहिले, तोवर पुण्याला थांबायला सांगितलं. मग डीपीकेजीची रोजनिशी उघडली. ही एक साधी मजकुराची फाइल असते, कोणत्या पॅकेजचं किती वाजता काय केलं ते एका ओळीत एक, सेकंदासकट. शेवटची ओळ 3 वाजून 42 मिनिटांची. वीज सव्वातीनला गेली असं अण्णा म्हणत होते, वायरमनच्या मते साडेचारला. तो वाद या ओळीने मिटवला. अण्णांना तिची छापील प्रत हवी होती. प्रिंटर चालू झाल्यावर देऊ, असं सांगून त्यांना थांबवलं.

आता हरवलेली फाइल आणायची कुठून? ते पॅकेज शंभरेक केबीचं, पण फणसाखालची रेंज तेवढ्यासाठीही तयार होईना. भाचा जरा वेळ गप्प झाला. मग काकीमार्फत प्रश्न आला : ॲप्टचं कोठार बघितलं का? ॲप्टची रीत अशी, की आधी सगळं सामान उतरवून कोठारात ठेवायचं आणि मगच बसवायला घ्यायचं. व्हार, कॅश, ॲप्ट, आर्काइव्ह्ज. त्या फोल्डरात शेकडो पॅकेजांच्या गर्दीत लिबक्रिप्ट1 निवांत पडून होतं. शिक्कामोर्तब झालेलं, पूर्ण, वीज जायच्या आधीच घरात आलेलं. नुसतं उघडलेलं नव्हतं.

मी हे ओरडून सांगितल्यावर फणसाखालून काकीचा आवाज आला, "घरातच होता मा? मगे सकाळधरून काय शोधतंस?"

पुढचं काम सरळ होतं. पॅकेज एका बाजूला उघडलं, आतली फाइल हाताने उचलून तिच्या जागी ठेवली. मग डेव्ह, प्रोक आणि सिस ही तीन दालनं आतल्या घराला जोडली आणि 'सीएच रूट' म्हटलं. म्हणजे आता पेन ड्राइव्ह विसरायचा, हीच डिस्क आपलं घर मानायचं. इथून पुढे डीपीकेजीला, अर्धवट राहिलेलं सगळं मांडून घे, असं सांगितलं आणि ॲप्टला, मोडलेलं जोडून घे. दोघांनी आज्ञा मानली. पडद्यावर पुन्हा ओळी धावू लागल्या आणि या वेळी अण्णांनी चष्मा काढून ठेवला. वीज टिकून होती. काकी छत्री मिटून ओटीवर येऊन बसली, फोन तिथेच फणसाखाली चालू ठेवून; भाच्याला तिकडून फक्त कोंबड्या ऐकू येत असाव्यात.

ओळी थांबल्या त्या एका प्रश्नापाशी. प्रिंटरच्या एका फाइलीत भाच्याने पूर्वी काही बदल केले होते. नव्या पॅकेजबरोबर त्याच फाइलीची नवी प्रत आली होती. डीपीकेजी अशा वेळी मालकाला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. नवी घेऊ, की आहे ती ठेवू? फरक बघायचा आहे का? भाच्याला विचारायला पुन्हा फणसाखाली जावं लागणार होतं आणि पावसाने नुकताच जोर धरला होता. मी प्रश्न मराठीत करून मोठ्याने वाचला.

"आपलीच रवांदे," काकी म्हणाली. "नवीन घेवन काय चाटूचा आसा?"

अण्णांनी मान डोलावली. मी 'एन' दाबला.